मामांचा पाय आणि गाडीचा ब्रेक

“स्कॅनरमध्ये एकही एरर नाही ना? मग फॉल्ट गाडीत नाही, मामांच्या पायात आहे,” मिहिर म्हणाला. “आणि हे तुम्हीच त्यांना सांगा, मॅडम. माझ्याच्यानं सांगवत नाही.”

मामा म्हणजे साळुंखे मामा, मिहिरच्या घरचे ड्रायव्हर. ते माझ्या वर्कशॉपच्या दाराशी बाकावर बसले होते. गाडी मिहिरने स्वतः चालवत आणली होती आणि मामा पीएमटीच्या बसने मागून आले होते. चावी त्यांच्याकडून कालच काढून घेतली होती.

झालं होतं असं. आदल्या दिवशी मामा मिहिरच्या आईला, म्हणजे डॉक्टरबाईंना, साताऱ्याहून घेऊन येत होते. कात्रजच्या उतारावर पुढचा ट्रक एकदम हळू झाला. मामांनी ब्रेक दाबला, गाडी थांबेना. त्यांनी ती कडेच्या कठड्याला घासत नेली म्हणून ट्रकखाली गेली नाही. बंपर गेला, बाईंच्या कपाळाला टेंगूळ आलं. मामा म्हणत होते, ब्रेक दगडासारखा झाला. मिहिर म्हणत होता, वय झालं, पाय चुकला. थोडा वेळ थांबल्यावर तोच ब्रेक गुपचूप लागायला लागला आणि तीच गाडी घरापर्यंत नीट आली. ही गोष्ट मामांच्या विरोधात जात होती.

“महिनाअखेर त्यांना मोकळं करतो,” मिहिर म्हणाला. “आईच्या जिवाचा प्रश्न आहे.”

त्याचंही चूक नव्हतं. पण पुण्यात ड्रायव्हर लोकांच्या जगात बातमी लगेच फिरते. ‘ब्रेकवर पाय बसत नाही म्हणून काढला’ असं एकदा नाव झालं की त्या वयात दुसरी गाडी कोण हातात देतो?

आणि साळुंखे मामांचं माझ्यावर ऋण होतं. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी करून सिंहगड रोडला स्वतःचं वर्कशॉप टाकलं, तेव्हा लोक आत येऊन विचारायचे, “मालक कुठे आहेत?” मी म्हणायची, “समोर उभे आहेत.” मग ते ‘जरा जाऊन येतो’ म्हणून जायचे, ते कायमचे. महागड्या गाड्यांचं एक गुपित सांगते. गाडी कुठल्या गॅरेजला न्यायची हे मालक ठरवत नाही, ड्रायव्हर ठरवतो. मामांनी डॉक्टरबाईंची गाडी माझ्याकडे आणली आणि पार्किंगमध्ये गप्पा मारणाऱ्या सगळ्या ड्रायव्हरांना सांगितलं, “पोरीचा हात चांगला हाय.” माझं दुकान त्या एका वाक्यावर उभं राहिलं.

“दोन दिवस गाडी राहू द्या,” मी मिहिरला म्हणाले.

“दोन दिवसांनी स्कॅनर वेगळं सांगेल?”

“सांगेल की नाही ते दोन दिवसांनी सांगते.”

आता ही गाडी समजून घ्या. उदारीकरणानंतर परदेशी गाड्या दिसायला लागल्या, तेव्हा भोसरीत कारखाना असलेल्या डॉक्टरबाईंच्या यजमानांनी ती हौसेने घेतली. यजमान गेले, गाडी राहिली. साध्या गाडीत ब्रेकला जोर मिळतो तो इंजिनच्या ओढीतून. हिच्यात त्यासाठी विजेवर चालणारा पंप होता. तो ब्रेकचं तेल दाबाखाली भरून ठेवायचा आणि एक छोटा कॉम्प्युटर त्यावर लक्ष ठेवायचा. पंप बंद पडला की दाब संपतो आणि पेडल खरोखरच दगड होतं. काही बिघडलं की कॉम्प्युटर ते आपल्या मेमरीत लिहून ठेवतो आणि स्कॅनर लावला की आपल्याला वाचता येतं.

पण मेमरी कोरी होती. पंप उत्तम, दाब उत्तम, तेल स्वच्छ. मी गाडी शेडमध्येच तास-दोन तास चालू ठेवली. काही नाही. मामा बाकावरून उठून आत आले नाहीत. चहा दिला तो मात्र घेतला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंचा फोन आला.

“अश्विनी, गाडी परत देशील तेव्हा रेडिओवर माझं स्टेशन लावून ठेव गं. मामा नसतील तर मला कोण लावून देणार?”

“एकदा लावलं की राहत नाही का, बाई?”

“नाही गं. म्हातारी झाली गाडी, रोज विसरते. मामा बिचारे रोज सकाळी लावून देतात.”

मी फोन ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. डॅशबोर्डवरचं घड्याळ चुकीची वेळ दाखवत होतं. काल मिहिरने गाडी आणली तेव्हाही ते चुकलेलंच होतं. मी विचारलं तर म्हणाला होता, “ते कायमच चुकीचं असतं, बिघडलंय.” पण काल ते जेवढं पुढे होतं, आजही बरोबर तेवढंच पुढे होतं. म्हणजे घड्याळ बिघडलेलं नव्हतं. माझ्याकडे आल्यापासून ते व्यवस्थित चालत होतं. घरी मात्र रोज कोणीतरी ते पहिल्यापासून सुरू करत होतं.

मी बाहेर बाकापाशी गेले.

“मामा, गाडी लावल्यावर बॅटरीची वायर काढता का?”

“टर्मिनल? काढतो की. रोज,” मामा सरळ बसले. “रातच्याला काढायचं, सकाळी बसवायचं. ट्रकवर हुतो तवापासनं सवय हाय. बॅटरी उतरत न्हाई, आन कुणी गाडी चालूबी करू शकत न्हाई.”

“परवा कात्रजहून आल्यावर?”

“तवाबी. सकाळी साहेब यायच्या आत बसवून ठेवलं. का वो?”

या जुन्या गाडीची मेमरी बॅटरीच्या करंटवर जगायची. करंट गेला की घड्याळ गेलं, रेडिओचं स्टेशन गेलं आणि कॉम्प्युटरने लिहून ठेवलेला फॉल्टही गेला. मी त्यांना हे सोपं करून सांगितलं.

मामा म्हणाले, “म्हंजी गाडी माझ्या बाजूनं बोलत हुती. आन मीच रोज तिचं तोंड दाबत हुतो.”

आता एकच उपाय होता. टर्मिनल न काढता गाडी चालवायची आणि ब्रेक पुन्हा जायची वाट बघायची. बिघडलेली गाडी दुरुस्त करणं हे माझं काम, चांगली चाललेली बिघडवायला निघाले ती पहिल्यांदाच. उतारावर न्यायची नाही, बाईंना बसवायचं नाही, मी स्वतः चालवायची आणि पार्किंग ब्रेक तपासून निघायचं, एवढं ठरवलं. आम्ही खडकवासल्याच्या पुढचा मोकळा, सपाट रस्ता धरला. शेजारी मामा, त्यांच्या मांडीवर स्कॅनरला जोडलेला लॅपटॉप. त्यांनी तो प्रसादाचं ताट धरावं तसा दोन्ही हातांनी धरला होता.

सकाळच्या गारव्यात काही झालं नाही. मी गाडी हळू चालवत होते, थांबवत होते, पुन्हा चालवत होते. ऊन चढलं. मी एसी लावला, हेडलाइट लावले, पंखा, काचा, जे जे विजेवर चालतं ते सगळं चालू केलं. मामांना म्हटलं, “आता साताऱ्याहून आल्यासारखी तापू दे हिला.”

एका बाभळीपाशी थांबायला ब्रेक दाबला आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. पेडल माझ्या पायाखाली भिंतीसारखं घट्ट. मी सगळा जोर लावला तरी गाडी आपली पुढे पुढे. वेग अगदी कमी होता म्हणून पार्किंग ब्रेक ओढून थांबवता आली. हे उतारावर, पुढे ट्रक आणि मागे बाई असताना, दिव्याकडे बघायलाही वेळ नसताना मामांनी सांभाळलं होतं.

“मॅडम, लाल अक्षरं आली,” मामा म्हणाले. “बघा, आली का न्हाई!”

आली होती. पंपाच्या मोटरला करंट मिळत नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. टोइंग व्हॅन बोलावून गाडी वर्कशॉपला आणली आणि पंपाचा रिले उघडला. रिले म्हणजे करंट चालू-बंद करणारा छोटासा डबा. भिंगाखाली बघितलं तर आतल्या एका सोल्डरच्या डागाला, म्हणजे जोडाला, केसाएवढी चीर. गरम झाला की चीर उघडायची, पंप बंद. गार झाला की टेकायची, पंप चालू. म्हणून शेडमध्ये गाडी गरीब गाय बनून उभी होती.

मिहिरला फोन केला. तो हिंजवडीहून थेट आला, गळ्यात आयडी कार्ड तसंच. सॉफ्टवेअरचा माणूस, त्याला फार समजवावं लागलं नाही.

“म्हणजे रोज रात्री लॉग डिलीट होत होता?”

“हो.”

तो मामांकडे वळला. “मामा, अहो, बोलायचं ना!”

“बोललो हुतो की, साहेब,” मामा म्हणाले. “ब्रेक दगड झाला म्हणलो हुतो.”

आवाजात राग अजिबात नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मिहिर लॅपटॉपवरची लाल अक्षरं पुन्हा वाचत राहिला. मग तो एवढंच म्हणाला, “चुकलं माझं.”

तसा रिले पुण्यात मिळेना, मुंबईतही नाही. शेवटी मिहिर प्रोजेक्टसाठी जर्मनीला गेला, तेव्हा त्यानेच तो शोधून स्वतःच्या सामानातून आणला. मी बसवला आणि त्याच रस्त्यावर, त्याच उन्हात पुन्हा गाडी तापवून बघितली. ब्रेक लागत होता. मामांना नेऊन दाखवला तेव्हा कुठे माझं समाधान झालं.

गाडी न्यायला डॉक्टरबाई स्वतः आल्या. मिहिरने सगळ्यांसमोर चावी मामांच्या हातात ठेवली. मामांनी ती खिशात टाकली, डिकी उघडली आणि टर्मिनल खोलायचा दहा नंबरचा पाना काढून माझ्या टेबलावर ठेवला.

“ह्यो राहू द्या हितंच, मॅडम. हाताची सवय वाईट.”

“मामा, चला,” मागच्या सीटवरून बाई म्हणाल्या. “आणि आज स्टेशन लावायचं राहू द्या. अश्विनीने काल लावलेलं तसंच आहे.”

तो पाना अजून माझ्याकडे आहे, आणि मामांनी पाठवलेली गिऱ्हाइकंही. त्यांचे आभार मानायला गेले की ते विषय बदलतात, म्हणून इथे मानून घेते. बाकी शिकले ते एवढंच. जुनी गाडी आली की मी आधी डॅशबोर्डवरचं घड्याळ बघते. मग ड्रायव्हरला काय झालं ते विचारते आणि तो सांगेल ते खरं धरून कामाला लागते. स्कॅनर त्यानंतर.