मुहूर्ताचा नारळ

परळच्या त्या नाटक मंडळीचे दिग्दर्शक प्रत्येक वाक्य ‘कसं आहे ना’ने सुरू करतात आणि अडचणीचा प्रश्न आला की चष्मा पुसतात. रंग, वंश, जात न पाहता भूमिका देऊ, असं त्यांनी तालमीच्या हॉलबाहेर फलकावर लिहून घेतलं आहे. मी तालीम बघायला गेलो की आधी तो फलक दाखवतात.

मंडळीतली एक अभिनेत्री मूळची मणिपूरची, वाढली माझगावात. आजवर प्रत्येक नाटकात ती पार्लरवालीच झाली. नव्या नाटकाच्या वाचनात तिने गिरगावातल्या मराठी घरातल्या थोरल्या मुलीची भूमिका वाचली, तेव्हा सगळे गप्प होऊन ऐकत होते. भूमिका दुसरीला मिळाली.

मुहूर्ताला मात्र नारळ फोडायला दिग्दर्शकांनी तिलाच पुढे बोलावलं. फोटोग्राफर तयार होता.

“सर, माझं वाचन कुठे कमी पडलं?” तिने विचारलं.

“कसं आहे ना, वाचन उत्तमच होतं. पण प्रेक्षक अजून तयार नाहीत गं.”

“मग फोटोही ते तयार झाल्यावर काढू.” नारळ त्यांच्या हातात देऊन ती मागे जाऊन उभी राहिली.

त्यांनी चष्मा पुसला.

“अगं, असं काय करतेस? कसं आहे ना, तू नसलीस तर फोटोत आम्ही सगळे एकसारखेच दिसू.”