जात : मानूस

मोहटोलीच्या शाळेत गॅदरिंग आलं की पुनाजी उईके आदल्या दिवशीच पांढरा सदरा धुवायला टाकी. पाहुण्यांचं भाषण झालं, बक्षिसं वाटून झाली की मुख्याध्यापिका सिस्टर माइकवरून सांगत, आता आपले पुनाजीकाका शाळा कशी सुरू झाली ते सांगतील. अडतीस वर्षं चपराशी म्हणून काढलेल्या माणसाला स्टेजवर खुर्च्या मांडायला पुष्कळदा चढावं लागे. बोलायला चढायचं ते वर्षातून एकदाच. त्याची बायको गंगा शाळेतच पोषण आहाराची खिचडी शिजवायची. ती स्वयंपाकखोलीच्या दारात उभी राहून ऐके, आणि कोणत्या वाक्याला टाळ्या पडतात ते तिला पाठ झालं होतं.

गोष्ट अशी होती. १९७३ साली फादर मथाई केरळातून हिंगणीकडे आले आणि सायकलवर बसून जंगलाच्या कडेच्या या गावात पोचले. गावात कुणब्यांची चाळीसेक घरं, आणि ओढ्यापलीकडे टोलीत गोंडांची वीस. शाळा कुठेच नव्हती. भैय्याजी नावाचे वांगी-टमाटी पिकवणारे शेतकरी होते, त्यांनी आपला रिकामा गोठा दिला आणि सोबत अटही घातली: आमची पोरं पुढं बसतील, टोलीची मागं. फादर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्यांनी गोठ्यात सतरंजी गोल अंथरली. गोलात पुढं कोण आणि मागं कोण?

पहिल्या दिवशी सतरा पोरं आली. फादरनी दाखल-खारीजचं नवंकोरं रजिस्टर उघडलं. जन्मतारीख एकालाही ठाऊक नव्हती, म्हणून सगळ्यांची एक जून झाली. पुढे जातीचा रकाना आला. फादरनी पेन उचलून पोरांना विचारलं, तुम्ही कोण? कोणी बोलेना. तेव्हा दहा वर्षांचा पुनाजी उठून म्हणाला, आमी मानूस हावो.

फादर खूप हसले. मग त्यांनी सतराच्या सतरा नावांपुढे तेच लिहिलं. फादर मराठी याच पोरांकडून शिकत होते, त्यामुळे शब्दही पोरांच्याच तोंडचा पडला. जात : मानूस.

इथे टाळ्या पडत.

पुढे गोठ्याच्या जागी कौलारू खोल्या आल्या, मग स्लॅबच्या, आणि पहिलीपासून दहावीपर्यंत शाळा झाली. नाताळात गोठ्याचा देखावा करताना पोरं बर्फ म्हणून भैय्याजींच्या शेतातला कापूस पसरत, त्यात सरकी तशीच असे. पुनाजी दहावीत दोनदा नापास झाला तेव्हा फादरनी त्याला शाळेतच ठेवून घेतलं. शाळेत राहिला म्हणून टोलीतले लोक त्याला फादरचा पोरगा म्हणून चिडवत, त्यानं धर्म बदलला असंही बोलत. त्यानं बदलला नव्हता. बडादेवाला तो दरवर्षी कोंबडा द्यायचा. पण त्याचं अक्षर फादरचं होतं, तसंच उजवीकडे कललेलं, आणि फादर वारल्यानंतरही बक्षिसांच्या प्रमाणपत्रांवर नावं लिहायला सिस्टर त्यालाच बसवत.

त्याच्या गोष्टीत एक भाग नसायचा. तो गंगाला ठाऊक होता. भैय्याजी आठव्या दिवशीच शाळेत आले होते आणि आपल्या पोराची जात लिहून घेऊन गेले होते. मग एकेक करून बाकीचे कुणबी आले. काही वर्षांनी सवलतींचं कळलं तशी टोलीचीही माणसं आली. सतरांपैकी सोळा नावांपुढचा शब्द फादरनी स्वतःच्या हातानं बदलला. पुनाजीचा बाप वनखात्याच्या मजुरीवर रानात, त्याला वाचता येत नव्हतं. आणि पुनाजीला तर बदलायचंच नव्हतं. टोलीतल्या कोणाही माणसाजवळ नसलेली एक वस्तू त्याच्याजवळ होती.

१९९२ साली मुलगा विक्की पहिलीत गेला तेव्हा ऑफिसातल्या बाबूनं सरळ "गोंड" लिहून टाकलं. पुनाजी तसाच सिस्टरांकडे गेला. माझ्या पोराचं माझ्यासारखंच पाहिजे म्हणाला. तेव्हाच्या सिस्टर म्हणाल्या, नीट विचार करा, हा कागद पुढे लागतो. त्यानं ऐकलं नाही. शेवटी त्यांनी लाल रेघ मारली, वर "मानूस" लिहिलं आणि बाजूला सही केली. विक्की आठवीतच शाळा सोडून हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगवर लागला, त्यामुळे तो कागद कधी लागलाच नाही. पुनाजीला वाटलं, आपलं बरोबर होतं.

नात अंजू शाळेत जायची झाली तेव्हा पुनाजी पुस्तकांचे गठ्ठे आणायला वर्ध्याला गेला होता. गंगानं त्याच दिवशी पोरीचा हात धरून तिला ऑफिसात नेलं आणि गोंड लिहा म्हणून सांगितलं. संध्याकाळी कळल्यावर त्यानं तीन दिवस तिच्या हातचं खाल्लं नाही. चौथ्या दिवशी खाल्लं.

ही अंजू गेल्या वर्षी बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिला वर्ध्याला नर्सिंगला आदिवासींच्या कोट्यातून जागा मिळाली. टोलीतून नर्सिंगला गेलेली ती पहिलीच. पांढरा कोट घातलेला फोटो तिनं मोबाइलवर पाठवला, तो गंगानं खिचडी घ्यायला आलेल्या पोरांनाही दाखवला. पण प्रवेश तात्पुरता होता. महिनाअखेरपर्यंत जातीची व्हॅलिडिटी दिली नाही तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. अंजूचा दाखला गोंड म्हणत होता, पण पडताळणी समितीला तिच्या बापाची आणि आजाची नोंद हवी होती. घरात दुसरा जुना कागद नव्हता. समितीचा अधिकारी शाळेत येऊन मूळ रजिस्टर बघणार असं पत्र आलं.

तो येणार त्याच्या आदल्या दुपारी सिस्टरांनी पुनाजीला बोलावणं धाडलं. निवृत्त होऊन त्याला दोन वर्षं झाली होती, तरी १९७३चं रजिस्टर कोणत्या कपाटात, कोणत्या गठ्ठ्याखाली आहे ते त्यालाच माहीत होतं. त्यानं ते काढलं, धूळ पुसली, आणि बाबूच्या टेबलावर उघडून ठेवलं. बाबू मुकेश हा याच शाळेत शिकलेला. त्यानं पान पाहिलं, पुनाजीकडे पाहिलं, आपलं शाईचं पेन टोपण काढून रजिस्टरशेजारी ठेवलं, आणि मी चहा पिऊन येतो काका, अर्धा घंटा लागन, असं सांगून निघून गेला.

गंगा पदराला हात पुसत आत आली. मुकेशनंच तिला पाठवलं असणार.

"लिवा," ती म्हणाली.

"काय लिवू?"

"गोंड. दोनच तं अक्षरं हाये. तुमचं अन् फादरचं अक्षर एकच हाये, कोनाले समजते?"

"रजिस्टर हाये ते. त्यात खाडाखोड नसते करत."

"विक्कीच्या वक्ती केली नं? तवा नाई आठवलं?"

गंगा टेबलाजवळ आली. तिला अक्षरओळख नव्हती, पण तो शब्द तिनं इतक्यांदा ऐकला होता की कुठे असेल ते तिला कळलं. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"मी काय खोटं लिवाले सांगून राह्यली? पाटील लिवा म्हनलं का? आपन गोंड नाई का?"

"हावो."

"मंग?"

"उद्या मी त्या सायबाले सारी गोष्ट समजावून सांगतो," पुनाजी म्हणाला. "मोठमोठ्या मानसाइच्या डोयात पानी आलं हाये आयकून. तो काय दगड हाये?"

"ते पाहुने होते," गंगा म्हणाली. "हा तपासाले येऊन राह्यला."

तिनं पेन उचलून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते धरलं. बराच वेळ धरलं. मग टोपण लावून टेबलाच्या खणात ठेवून दिलं. मुकेश परत आला तेव्हा पान होतं तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आला. चांगला माणूस होता, हळू बोलायचा. चहा घेतला, अंजूला बसवलं, आणि कुळाचे देव किती, लग्नात काय विधी, मयताला काय, असं विचारू लागला. अंजू अडखळली. शाळेत आणि घरात ती मराठीतच वाढली होती. विक्की रजा मिळाली नाही म्हणून आलाच नव्हता. गंगा मागून एकेका प्रश्नाचं उत्तर देत गेली, गाण्याची ओळसुद्धा गोंडीत म्हणून दाखवली. अधिकाऱ्यानं ऐकून घेतलं, पण पेन चालवलं नाही. आजीची बाजू धरत नाहीत, बाई, आजोबांची लागते, असं त्यानं समजावलं.

मग रजिस्टर उघडलं.

"हे काय लिहिलंय?"

पुनाजी उठून उभा राहिला. गॅदरिंगचा धुतलेला सदरा त्यानं घातलाच होता. सायकल, गोठा, गोल सतरंजी, सतरा पोरं, एकेक गोष्ट त्यानं सावकाश सांगितली, जिथे थांबायचं तिथे थांबला. अधिकाऱ्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. दारात उभ्या असलेल्या मराठीच्या बाईंनी डोळे पुसले.

"फार मोठा माणूस होता तुमचा फादर," अधिकारी म्हणाला. मग त्यानं चष्मा काढला. "पण बाबा, अनुसूचीत मानूस नाही."

आडनाव आहे ना, असं सिस्टर म्हणाल्या. शाळा लिहून देईल, टोलीतली माणसं सांगतील. तो म्हणाला, आडनाव पुरावा होत नाही आणि पत्र अभिलेख होत नाही. त्यानं विक्कीचं पान काढलं आणि लाल रेघेवर बोट ठेवलं.

"इथं गोंड होतं. कोणी खोडलं?"

सिस्टरांनी मान खाली घातली. ज्यांनी खोडलं त्या सिस्टर आता या जगात नव्हत्या. पुनाजीला गप्प बसता आलं असतं.

"म्या खोडाले लावलं," तो म्हणाला.

"का?"

इतक्या वर्षांच्या गोष्टीत या प्रश्नाचं वाक्य नव्हतं. अधिकाऱ्यानं थोडी वाट पाहिली आणि लिहायला सुरुवात केली.

समितीचं पत्र बावीस दिवसांनी आलं. आजोबा व वडील यांच्या शालेय अभिलेखात दावा केलेल्या जमातीची नोंद नाही, वडिलांची नोंद त्यांच्या पालकांनी स्वतः रद्द करून घेतलेली आहे, सबब दावा अवैध. नागपूरच्या कोर्टात जाता येतं असं मुकेशनं सांगितलं. तोवर महिना संपला होता. अंजू पत्र्याची पेटी घेऊन बसनं परत आली. घरात शिरताना ती आजाच्या पाया पडली, रिवाज होता म्हणून. भाकर खाताना मात्र तिनं विचारलं.

"आबाजी, हे असं होईन ते तुमाले मालूम होतं का?"

"नाई व माय."

"आजीले होतं," अंजू म्हणाली.

आता ती हिंगणघाटला बापाजवळ राहते आणि एका खाजगी दवाखान्यात कामाला जाते. जिथं सलाईन लावायला शिकायची, तिथं सलाईनच्या रिकाम्या बाटल्या उचलते. पांढऱ्या कोटाचा फोटो गंगाच्या मोबाइलवर अजून आहे. ती तो कोणाला दाखवत नाही.

जानेवारीत गॅदरिंग झालं. शाळेत एकसष्ट पोरं उरली आहेत. कुणब्यांची पोरं सकाळी पिवळ्या बसनं सेलूच्या इंग्रजी शाळेत जातात, टोलीची तेवढी इथे येतात. पुनाजीनं सदरा धुवायला टाकला नव्हता. गंगानंच तो धुऊन खाटेवर ठेवला होता. जा, बोलवून राह्यले, एवढंच ती म्हणाली.

तो स्टेजवर गेला. माइक हातात घेतला. पोरं वाट पाहत होती, पाहुणे वाट पाहत होते.

"आमी सतरा होतो," तो म्हणाला. "सोळा जनाइनं जात लिवून घेतली."

आणि माइक सिस्टरांच्या हातात देऊन खाली उतरला. पाहुण्यांना वाटलं, गोष्ट संपली. त्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांचं पाहून पोरांनीही वाजवल्या.

स्वयंपाकखोलीच्या दारात गंगा उभी होती. या वाक्याला टाळ्या पडलेल्या तिनं कधी ऐकल्या नव्हत्या. तिनं गंजात पाणी ओतलं आणि बुडाला लागलेली खिचडी खरवडायला घेतली.