गाद्यांच्या दुकानावरचं चर्च

अर्ज एकच होता, पण त्याच्या फाइलीत कागदांपेक्षा किस्सेच जास्त जमले! कागदांना भोक पाडून दोऱ्यात तरी ओवता येतं. किश्श्यांचं काय करायचं? ते बसतात डोक्यात फिरत. मग स्टँडअप मीटिंगमध्ये मॅनेजर काहीतरी गंभीर बोलत असतो आणि मी आपली गालात हसते.

आधी थोडं सांगते, नाहीतर तुमचा गोंधळ व्हायचा. मी नगरची. नोकरी तिकडे पंजाबात, मोहालीत, फ्लॅट जवळच झिरकपूरला. दर रविवारी मनीमाजऱ्यातल्या एका जुन्या घरात आमची चाळीसेक माणसांची मंडळी उपासनेला जमायची. बाकी सगळे पंजाबी, मराठी आम्ही दोघीच, मी आणि विमलकाकू. काकू सत्तरीच्या, रिटायर्ड नर्स, एकट्या राहतात. त्यांना आठवड्यातून एकदाच मराठीत बोलायला मिळतं, रविवारी, माझ्याशी.

तर मालकाने ते घर विकलं आणि उन्हाळा संपायच्या आत जागा सोडा म्हणाला. ओळखीतल्या एकाने कमर्शियल सेक्टरमधला आपला पहिला मजला देऊ केला. पण दुकानांच्या जागेत चर्च करायचं तर परवानगी हवी. ती नाही मिळाली तर मंडळी चार दिशांना पांगणार आणि काकूंचा रविवार संपणार. मला त्याचंच जास्त वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू!

*

अर्ज लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. आमचे पास्टरजी साधे, उंच, बोलण्याआधी दोन मिनिटं आकाशाकडे बघणारे गृहस्थ. त्यांनी तसं बघितलं आणि म्हणाले, "साळवे मॅडम लिखेंगी. महाराष्ट्र के लोग कागज़ के पक्के होते हैं."

आता सगळ्या महाराष्ट्राची अब्रू माझ्यावर! बसले, सहा पानं लिहिली. मंडळी कशी सुरू झाली, कोण कोण आजारातून उठलं, सगळं घातलं. काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, हा अर्ज आहे का साक्ष? साहेब रडतील, सही नाही करणार!"

दुसरा अर्ज एका पानात बसवला.

*

मग फॉर्म. त्यात 'जागेचा वापर' म्हणून एक यादी होती. कोचिंग, जिम, क्लिनिक, सलून, ऑफिस. प्रार्थनेला रकानाच नाही! परवानगीच्या ऑफिसात खिडकीतला क्लार्क भला माणूस. आमची तोंडं बघून म्हणाला, "म्यूज़िक क्लास लिख दो जी. गाते तो हो ही."

मी पेन उघडलं होतं, हो, उघडलं होतं! पास्टरजींनी आकाशाकडे, म्हणजे तिथल्या पंख्याकडे, बघितलं. "बेटा, पहले कागज़ पर झूठ लिखकर ऊपर जाके प्रार्थना कैसे करेंगे?"

मी पेन मिटलं. यादीच्या खाली, कोऱ्या जागेत, हाताने 'प्रार्थना' लिहिलं. पुढचा प्रश्न होता कामकाजाची वेळ. पास्टरजींनी फॉर्म आपल्याकडे ओढला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'ईश्वर चौबीस घंटे. हम संडे दस से साढ़े बारह.'

क्लार्कने ते दोनदा वाचलं आणि शिक्का मारला.

*

जागा बघायला सगळी मंडळी एका रविवारी गेली. सकाळची वेळ. त्या सेक्टरमध्ये रविवारी सकाळी कधी गेलात का? सगळी शटर खाली, काँक्रीटचे खांब एका ओळीत उभे, त्यांच्या सावल्या फरशीवर आडव्या. काचेमागे नवरीचे कपडे घातलेले पुतळे कुणाचीतरी वाट बघत असतात. आपण हळू बोलायला लागतो, कुणी सांगितलेलं नसताना. मला तर वाटत होतं मी अजून उठलेच नाहीये, झिरकपूरला पांघरुणातच आहे.

वर रिकामा हॉल. खुर्ची नाही, चटई नाही, नुसती धूळ आणि ऊन. पास्टरजी पुढे जाऊन उभे राहिले. आणि काय सांगू, कुणी काही न बोलता एकेक जण आपापल्या जागी जाऊन उभा राहिला! मनीमाजऱ्यात जो जिथे बसायचा, अगदी तिथेच. ढोलकवाला उजव्या कोपऱ्यात, बायका डावीकडे, मध्ये जुन्या घरातल्या, इथे नसलेल्या खांबापुरती जागा सोडून.

काकू मागे, डावीकडे, अगदी भिंतीला नाक लावून. तिथे जुन्या घरात खिडकी होती.

"काकू, अहो इथे खिडकी नाहीये."

"दिसतंय मला. पण मी इथेच बसते."

मला हसू आलं. मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. दोघी जणी त्या भिंतीकडे बघत राहिलो बराच वेळ.

*

पार्किंगचा किस्सा छोटाच आहे. तपासणीला परवानगीच्या ऑफिसातले साहेब आले. चष्मा, फाइल, अत्यंत सभ्य. म्हणाले, "चर्च आएगा तो गाड़ियाँ आएँगी. पार्किंग का क्या?"

पास्टरजींनी त्यांना खिडकीपाशी नेलं. खाली अख्खा चौक मोकळा, मधोमध एक कबुतर चालत होतं, मालकासारखं.

"जी, संडे को यही आता है."

साहेबांनी लिहून घेतलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही!

*

मग जाहीर नोटीस लागली. कुणाची हरकत असेल तर कळवा. मी रोज ऑफिस सुटलं की मोहालीहून ट्रॅफिक तुडवत तिथे जायची, जसं काही नोटीस वाचून तिचा मजकूर बदलणार होता. शेजारची जिम काही बोलली नाही. वरचा डेंटिस्ट म्हणाला, माझ्याकडे लोक ओरडतात, तुम्ही निदान गाल तरी!

हरकत आली एकच, पण भक्कम. खालच्या गाद्यांच्या दुकानाचे मालक, अरोडाजी. पासष्टीचे, कडक. दुकान रविवारीही दहाला उघडतं. आम्ही तिघं भेटायला गेलो, पास्टरजी, काकू आणि मी. अरोडाजींनी चहा मागवला, बिस्किटं मागवली आणि मग म्हणाले, "भगवान का नाम सिर-माथे. पर सिर के ऊपर ढोलक नहीं."

काकूंनी जाता जाता एक गादी दाबून बघितली आणि "गादी चांगलीये हो" म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, आपण भांडायला आलोय!"

"मग? भांडण वेगळं, गादी वेगळी."

*

साहेबांनी तोडगा काढला. रविवारी साडेदहाला तुम्ही वर गा, दहा मिनिटं. मी खाली दुकानात मीटर लावून बसतो, अरोडाजी समोर. आवाज जास्त भरला तर अर्ज नामंजूर.

ढोलक न्यायची का नाही यावर आमच्यात तास गेला. कुणी म्हणे हळू गाऊ. पास्टरजी म्हणाले, "जैसे गाते हैं वैसे ही गाएँगे. साल भर धीरे गा पाएँगे क्या?"

साडेदहा वाजले. पास्टरजींनी हात वर केला आणि चाळीस माणसांच्या तोंडून आवाजच फुटेना! ढोलकवाल्याचे हात ढोलकवर नुसते ठेवलेले. मी घड्याळ बघतेय, एक मिनिट गेलं, दोन गेली. मला वाटलं, संपलं. आता इथून आपण सगळे घरी जाणार आणि परत कधीच एका खोलीत जमणार नाही.

तेवढ्यात मागून, भिंतीपाशी, काकू गायला लागल्या. एकट्या. मराठीत. त्यांची आई दळताना म्हणायची तसलं, येशूला झोपवायचं, संथ, एकाच ओळीभोवती फिरणारं काहीतरी. शब्द कुणाला कळेना. पण दुसऱ्या फेरीला बायकांनी नुसता सूर धरला, मग पुरुषांनी. ढोलकवाल्याने बोटांनी हलकेच ठेका धरला. खिडकीतून ऊन आत येत होतं, धुळीचे कण तरंगत होते आणि दहा मिनिटं कधी सरली मला कळलं नाही.

पास्टरजींनी हात खाली केला. सगळे खालच्या जमिनीकडे बघत, जणू तिच्यातून निकाल वर येणार होता.

माझा फोन वाजला. अर्जावर नंबर माझाच होता. पलीकडे अरोडाजींचा मुलगा, अगदी कुजबुजत.

"मैडम, रुक क्यों गए? प्लीज़ आंटीजी से कहिए, गाती रहें. पापा सो गए हैं. यहीं, दुकान में. मम्मी के जाने के बाद पहली बार."

मी विचारलं, "और साहब? उनका मीटर?"

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मग साहेब, मुलापेक्षाही हळू.

"मीटर मैंने बंद कर दिया है जी. बीप करता है."