गिरणीआधीची एक सुगी

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. दरवर्षी भात भरडायला टेम्पो करून भोरला जायचं आणि दिवसभर नंबर लावून बसायचं, याला कंटाळून त्यांनी घरचीच गिरणी टाकून गावाचंही भात भरडायचं ठरवलं. आंबवड्यात एकाची मोठी जुनी गिरणी विकायची होती. गवंड्यानं आमच्या खळ्यात पायासाठी चुन्याच्या रेघाही मारल्या. तेव्हा मी बोलले.

वेल्ह्याला माझ्या बहिणीच्या बचत गटानं चाकांवरची छोटी गिरणी घेतली होती. घरच्या लायटीवर चालायची, तांदूळही कमी तुटायचा.

"मामा, यंदा ती भाड्यानं आणू. आपली इंद्रायणी तिच्यात कशी निघती ते बघू. एकदा पाया घातला की खळं गेलं. आणि नाही चालली, तर ती मोठी परत कोण घेणार?"

"दर साली नवं कायतरी निघणारच," मामा म्हणाले. "मग काय मरेस्तोवर वाटच बघायची व्हय?"

मी "एक सुगी," एवढंच म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी गवंड्याला फोन केला, "आत्ता नको. सुगी झाल्यावर बघू."

सुगीला ती छोटी गिरणी भाड्यानं आणली, पण पहिल्या आठवड्यात आमचं हसंच झालं. भात नीट वाळलं नव्हतं, निम्म्या तांदळाची कणी झाली. त्यातच ती जुनी गिरणी किकवीच्या एकानं विकत घेतली. तो टेम्पो पाठवून भात न्यायचा, त्यामुळं गावातली मोठी गिऱ्हाइकं तिकडं गेली. मामा ताटावरून लवकर उठायचे. आपण एका माणसाची हौस मोडली, असं मला सारखं वाटायचं.

मग गावातल्या बायका भात घेऊन यायला लागल्या. कुणाचं एक पोतं, कुणाचं अर्धं. मोठ्या गिरणीत एवढंसं भात कुणी घेत नव्हतं. त्यांना आपल्याच शेतातला तांदूळ परत हवा होता, तोही फार पॉलिश न केलेला. हे आम्हाला आधी सुचलंच नव्हतं.

पुढच्या साली आम्ही चाकांवरचीच घेतली. खडे वेगळे काढणारी, नव्यानं निघालेली. गेलेली मोठी गिऱ्हाइकं मात्र परत आली नाहीत. थांबण्यानं काहीतरी हातचं गेलंच, ते मी नाकारत नाही.

आता मामा ती ट्रॅक्टरमागं लावून वरच्या वाड्यांना नेतात. तिथल्या बायका त्यांना बसवून चहा देतात. संध्याकाळी घरी आले की कुणाचं भात कसं निघालं, ते मला एकेक करून सांगतात.