विहिरीच्या गाण्याचं पान

नादियाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही चौघं एका लॅपटॉपभोवती बसलो होतो. नादिया, तिचे काका अर्बन अंकल, काकी आयरीन आंटी आणि मी, नादियाची कॉलेजातली मैत्रीण. पडद्यावर गोराईतली त्यांची जुनी आळी होती. कौलारू घरं, दारातले क्रूस, बांबूवर वाळणारे बोंबील. खाली एक बटण होतं. ते दाबलं की विहिरीचं गाणं यायला हवं होतं.

“परत दाबा ना, अंकल,” नादिया म्हणाली.

अंकलनी परत दाबलं. आळी गप्प.

इथल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती, घरांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका बँड लावून विहिरीवर जातात, पाणी आणतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. या आळीत त्याचं स्वतःचं गाणं होतं. पाच घरं, पाच कडवी. ज्या घराचं कडवं त्याच घरच्या बाईने म्हणायचं. एकीचं संपतासंपता दुसरीने उचलायचं. त्या पाचांतल्या दोघी वारल्या, त्यांतली एक आंटींची फिलोमिना, एक वसईला मुलीकडे अंथरुणावर आहे, एक कॅनडात. उरल्या आयरीन आंटी. नादियाला ते गाणं हवंच होतं. बाकी सगळं लग्न ती हॉलवाल्यावर सोडायला तयार होती.

“आंटी, तुम्हीच म्हणा ना पाचही कडवी,” मी म्हटलं.

“फिलोमिनाचं मी कसं म्हणू? वर गेल्यावर विचारेल ना ती.”

अर्बन अंकल बोरिवलीत टायपिंगचा क्लास चालवायचे. टाइपरायटर गेले, त्याच टेबलांवर कॉम्प्युटर आले. शिकवायचं म्हणून आधी स्वतः शिकले. सकाळच्या फेरीबोटीत बायका भाजीच्या पाट्या घेऊन बसायच्या, हे जाडजूड पुस्तक घेऊन. एकदा त्यांच्या डोक्यात आलं की आळी कॉम्प्युटरवर उतरवायची. टेपरेकॉर्डर घेऊन ते घरोघर फिरले. “आला बघा रेडिओवाला,” म्हणून बायका हसायच्या. पाचजणींना एकत्र बसवणं मात्र जमलं नाही. दोघींचं तेव्हा नळावरून भांडण चाललं होतं. मग प्रत्येकीचं कडवं तिच्याच घरात रेकॉर्ड केलं. प्रत्येक घराचा एक फोल्डर केला, त्याला घराचं नाव दिलं. आणि असं एक पान लिहिलं, जे पाचही फोल्डरांतून आवाज आणतं आणि वेळ साधून एकात एक गुंफतं. त्याच्या सीड्या घरोघर वाटल्या.

“आपली वांग्यांच्या वाफ्यात आहे अजून,” आंटी म्हणाल्या. “दोरीला बांधलीय. चकाकते, पाखरं येत नाहीत.”

अंकलही हसले. जुन्या कॉम्प्युटरवर ते पान नीट चालायचं. तो खाऱ्या हवेने गेला. हा लॅपटॉप नादियाच्या भावाने, कीथने, मागच्या महिन्यात दिला होता. त्याला फोन केला, तर म्हणाला, यूट्यूबवर ढीगभर गाणी आहेत, एखादं झकास बघून लावा ना.

“तुझा भाऊ आहे,” आंटी नादियाला म्हणाल्या, “नाहीतर मी बोलले असते.”

मी सुचवलं, फाइली तर इथेच आहेत, एकेक उघडून ऐकू. एक उघडली. आवाज आला. थांबला. दुसरी शोधली, उघडली. तीही थांबली.

“हे गाणं नाही,” अंकल म्हणाले. “ही हजेरी झाली.”

मग ते वाचत बसले. कुणीतरी कुठेतरी हीच तक्रार लिहिलेली सापडली. कारण कळलं. नवा ब्राउझर घरच्या फाइलींवरही विश्वास ठेवत नाही. एका फाइलीने दुसरी वाचायला मागितली की अडवतो. शेजारच्या फोल्डरमधली असली तरी परकी.

“हा काय आचरटपणा?” नादिया म्हणाली.

“समज, कुणी तुला एखादं पान पाठवलं. तू ते उतरवून उघडलंस. त्याने गुपचूप तुझे बाकीचे कागद वाचले तर? म्हणून करतो. चूक नाही त्याची.”

पण एक जागा होती, मेनूत न दिसणारी. पत्त्याच्या पट्टीत त्यांनी ‘अबाउट’, मग कोलन, मग ‘कॉन्फिग’ टाइप केलं. पडदाभर इशारा आला. जपून, पुढची जोखीम तुमची.

“अंकल, वाट लागेल हां! लग्नाचं सगळं बुकिंग याच्यात आहे.”

“म्हणून आधी नेट बंद. गाणं होईपर्यंत याला नेट नाही. झालं की सगळं होतं तसं करायचं.”

त्यांनी इशारा स्वीकारला. शोधायच्या चौकटीत ‘फाइल’ लिहिलं. आलेल्या ओळींतली एक सावकाश, बोट लावून वाचली. घरच्या प्रत्येक फाइलीला वेगळं, परकं मानायचं का, अशा अर्थाची ती होती. पुढे ‘ट्रू’ होतं. दोनदा टिचकी मारली. ‘फॉल्स’ झालं. पान परत उघडलं, बटण दाबलं.

“भर गो बाय, भर घागर, मांडव वाट बघतो...”

आवाज जाड होता, मध्ये खोकला. त्याच्या शेवटच्या अक्षरावर दुसरा आला, पातळ. त्याच्यामागे कोंबडी. तिसरा आवाज तरुण आणि खट्याळ होता. तो आंटींचाच, हे ओळखायला मला वेळ लागला. आयरीन आंटींच्या हातातली लसणाची पाकळी अर्धीच सोललेली राहिली होती.

मी पाच वर्षं लोकगीतं पुस्तकात वाचली. त्यांवर पेपर लिहिले. कोंबडीसकट कधी ऐकली नव्हती.

“पहिल्या दोघींचंच ते नळाचं भांडण,” आंटी हळूच म्हणाल्या. “बघ, कशा एकीला एक लागून म्हणतायत.”

“संध्याकाळी हेच लावू,” नादिया म्हणाली.

“सगळं नको. माझं काढा. मी आहे ना अजून.”

अंकलनी पानातून त्यांची फाइल काढली. तिची वेळ तेवढी रिकामी ठेवली.

संध्याकाळी विहिरीपाशी बँड थांबला. लॅपटॉप कठड्यावर, स्पीकर खुर्चीवर. दोन कडवी झाली. मग शांतता आली आणि आंटींनी उचललं. आवाज आता खाली उतरला होता, संथ झाला होता. त्यांची शेवटची ओळ अर्धी असतानाच स्पीकरमधून फिलोमिना घुसली. अगदी वेळेवर.

“थांब की गो फिलू!” आंटी स्पीकरवर ओरडल्या. “मेली कधी दम धरायची नाही!”

बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या. नादिया डोळे पुसत होती.

“वेळ वाढवू का जरा?” अंकलनी विचारलं.

“नको. ती अशीच होती. आता मीच जरा भरभर म्हणते. पहिल्यापासून लावा.”

अंकलनी परत लावलं. आंटी खुर्चीजवळ सरकल्या. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी पदर कमरेला खोचला होता. या वेळी फिलोमिना सुरू व्हायच्या आत त्यांनी कडवं संपवलं, आणि नादियाने घागर विहिरीत सोडली.