चार मोल मोरचूद

अकरावीला मोल शिकवायला घेतला की वर्गाचे चेहरे पडतात. दिसत नाहीत ते अणू मोजायचे कशाला, हा त्यांचा रास्त प्रश्न. मी दरवर्षी तेच सांगते : दुकानदार खिळे मोजत बसत नाही, तोलून देतो. मोलही तसाच, मोजायच्या गोष्टी तोलून घ्यायची युक्ती. मुलं हसतात, वहीत उतरवून घेतात. मला मात्र त्या तासाला दरवेळी आमची मोसंबीची बाग आठवते.

बाग शहागडच्या अलीकडे. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, बोर्डो मिश्रण करण्यात आसपासच्या गावांत नावाजलेले होते. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि चुना पाण्यात एकत्र करून झाडांवर फवारायचं हे औषध, पावसाळ्यातली बुरशी त्यानं आटोक्यात राहते. फवारणीच्या दिवशी दुसरे बागवाले सकाळीच मोटारसायकल घेऊन अण्णांना न्यायला दारात उभे राहत. अण्णा मोरचूद फडक्यात बांधून प्लॅस्टिकच्या टिपाडात टांगायचे, चुना वेगळ्या बादलीत कालवून गाळायचे, दोन्ही एकत्र ओतायचे आणि त्यात विळ्याचं पातं बुडवायचे. पात्यावर तांब्याचा तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, मोरचूद मोकळं राहून पानं जाळणार, अजून ओता. पातं स्वच्छ निघालं तर फवारा. वजनकाट्याला त्यांनी कधी हात लावला नाही.

मला नोकरी लागून दोन महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. डोक्यात नुसतं शहाणपण उतू जात होतं. चुन्यानं पंपाचं नोझल सारखं तुंबत होतं आणि अण्णा ते सुईनं मोकळं करत बसले होते.

"अण्णा, मोरचुदाइतकाच चुना घेऊन राह्यलात तुम्ही. इतका लागतच न्हाई," मी म्हणाले आणि बांधावर बसून हिशेब मांडला. मोरचुदाचा एक मोल अडीचशे ग्रॅम, म्हणजे किलोत चार मोल. त्याला कळीचा चुना चार मोल, छप्पन्न चोक दोनशे चोवीस ग्रॅम. हात सैल सोडून सव्वातीनशे घ्या.

"मंग इळा बुडवून बघतो एकदा."

"काही गरज न्हाई. समीकरणात आलंय ना सगळं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात इतकं कौतुक होतं की आजही आठवलं तर मला स्वतःचा राग येतो. त्यांनी विळा बाजूला ठेवला आणि पंप पाठीवर घेतलेल्या गड्याला सांगितलं, "आमची माय सांगती तसं कर. शिकलेली हाय ती."

चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मृग बहाराची गोटीएवढी फळं डाग पडून गळायला लागली, झाडाखाली सडा पडला. मी गोठ्यात जाऊन चुन्याचं पोतं पाहिलं. दिवाळीच्या सफेदीतून उरलेलं, तेव्हापासून तोंड उघडं. हवा खाऊन कळीच्या खड्यांची भुकटी झाली होती, त्यातला खरा चुना कधीच संपला होता. वजन काट्यावर बरोबर होतं, अंगात जोर नव्हता. अण्णांच्या रीतीत पोतं जुनं की नवं यानं काही बिघडायचं नाही, कारण पातं स्वच्छ निघेपर्यंत ते चुना ओतत राहत. नमुना किती टक्के शुद्ध आहे ते आधी बघा, असं फळ्यावर बजावणारी मी, पोत्यात हात घालायलाही उठले नव्हते.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. लोक बाग बघायला आले. मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. अण्णा त्यांना म्हणाले, "माझ्याच हातून झालं. नजर बराबर काम देईना गेली आता. चुना कमी पडला, कळलंच न्हाई."

मी चहा दिला. रिकामा ट्रे घेऊन आत वळले. रसायनाच्या मॅडमनी बापाची बाग जाळली, हे वर्गात पोचलं तर काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. लाज वाटत होती, पण भीती तिच्याहून मोठी होती. रात्री बोलू, उद्या बोलू, असं करत ते राहूनच गेलं.

बाग पुढच्या वर्षी सावरली. अण्णांना न्यायला मात्र कोणी आलं नाही. फवारणीच्या दिवसांत ते सकाळी लवकर आंघोळ उरकून, जुना सदरा घालून ओट्यावर बसत. नऊ-साडेनऊ वाजले की उठून सदरा बदलत. 

यंदा शेजारचे काका आले. अण्णा ओट्यावरच होते. काका त्यांना रामराम करून थेट माझ्याकडे वळले.

"बाई, बोर्डोचं प्रमाण काढून दे ना. अण्णाचं आता वय झालं. तू त्यातलीच हायेस."

मी अण्णांकडे पाहिलं. त्या क्षणी तरी मी बोलायला हवं होतं.

"बराबर आलास," अण्णा काकांना म्हणाले. "तिलाच इचार. ती बिलकुल चुकायची न्हाई."

आणि मी कागद घेऊन प्रमाण लिहून दिलं.