यॉर्कच्या खिडकीतले शेवटचे पंधरा दिवस

१९९९ च्या ऑक्टोबरात आमच्या लंडनजवळच्या वॉटफर्डच्या घरी जगाचा शेवट ठरला होता. तारीखही पक्की, एकतीस डिसेंबर. माझा नवरा प्रकाश तेव्हा कंपन्यांचे कॉम्प्युटर दोन हजार साल लागताच बंद पडू नयेत, त्या कामात गळ्यापर्यंत बुडालेला. फोनवर तो कुणाकुणाला दरडावायचा, "वेळेत झालं नाही तर सगळं ठप्प होईल, सगळं!" आणि आमची आठ वर्षांची सुजाता जिन्यावर बसून ते ऐकायची. तिने पलंगाखाली बेक्ड बीन्सचे डबे साठवायला घेतले. शाळेतून डॅफोडिलचे कंद मिळाले होते. थंडीआधी लावले की मार्चमध्ये फुलतात. ते लावायला तिने साफ नकार दिला.

"मार्च येणारच नाही मम्मा. मग कशाला?"

समजावून झालं, रागावून झालं, प्रकाशने कॉम्प्युटर उघडून दाखवला, तरी पोरीची झोप उडाली ती उडालीच.

अशात एका मासिकात मला यॉर्कमधल्या एका चर्चच्या खिडकीचा फोटो दिसला. जवळपास सहाशे वर्षांपूर्वीची रंगीत काच, आणि तिच्यात जगाचे शेवटचे पंधरा दिवस, एकेका दिवसाचं एकेक चित्र! मी खुर्चीतून उडालेच. तेव्हाचे लोकही असेच घाबरले होते आणि जग अजून जागच्या जागी आहे, हे पोरीला डोळ्यांनी दाखवायचं. याहून चांगलं औषध कुठलं? शाळेला हाफ-टर्मची सुट्टी लागली आणि मी गाडी काढली. प्रकाशला सुट्टी मिळणं शक्यच नव्हतं, पण माझे सासरे, अण्णा, कोट घालून दारात तयार.

"आपण बौद्ध माणसं. आपल्याला ना तो देवाचा शेवटचा निवाडा, ना तो नरक," ते म्हणाले. "पण चित्र बघायला काय हरकत आहे, शैला? नकाशा इकडे दे."

तुम्ही जाणार असाल तर सांगते, वॉटफर्डहून आधी एम-वन आणि पुढे ए-वन, असा सरळ उत्तरेचा रस्ता आहे. वाटेतल्या सर्व्हिसेसवरचा, म्हणजे थांब्यांवरचा, चहा महाग आणि बेचव, तेव्हा थर्मास घ्याच. आमच्याकडे पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी होती, शिवाय अण्णांनी लपवून आणलेला चिवडा, जो लेस्टर यायच्या आधीच संपला.

ए-वनवरून जरा आत वळून आम्ही एका खेड्यातल्या चर्चमध्ये थांबलो. खेड्याचं नाव आता आठवत नाही, पण अशी भिंतचित्रं इंग्लंडभर आहेत, स्थानिक माणसं आनंदाने वाट दाखवतात. कमानीच्या वर अख्ख्या भिंतीभर अंतिम निवाडा, म्हणजे जगाच्या शेवटी मेलेल्यांना उठवून देव करतो तो न्याय! चुन्याखाली कित्येक शतकं दडलेला, आता फिकट लाल रंगात उरलेला. देवदूत तुताऱ्या फुंकताहेत, माणसं थडग्यांची झाकणं सारून उठताहेत. सगळी उघडीनागडी, पण राजांच्या डोक्यावर मुकुट आणि धर्मगुरूंच्या डोक्यावर उंच टोप्या शिल्लक, म्हणजे ओळख पटावी. आणि त्यातले दोघेतिघे थेट नरकाच्या जबड्यात!

अण्णा हरखून गेले. "बघ, बघ! राजा आणि शेतकरी एका रांगेत! आणि हे चर्चच्याच भिंतीवर! काय हिंमत म्हणायची!"

मीही त्यांच्याइतकीच खूश होते. सुजाता मात्र नरकाच्या दातांकडे बघून माझ्या कोटाला चिकटली. आपण औषध म्हणून विष तर पाजत नाही ना, अशी शंका मला पहिल्यांदा तिथे आली.

यॉर्कला आम्ही स्टेशनजवळच्या एका बी-अँड-बीमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, उतरलो. साधीच जागा होती, पण नाश्ता दणकून. सकाळी नदी ओलांडायच्या अलीकडेच नॉर्थ स्ट्रीटवर फोटोतलं ऑल सेंट्स चर्च लागलं. आत जायला तिकीट नाही, दानपेटीत जमेल तेवढं टाकायचं. दुर्बीण मात्र न विसरता न्या. खिडकी उत्तरेकडच्या भिंतीत आहे, त्यामुळे डोळ्यांवर ऊन येत नाही आणि काच शांतपणे उजळते.

आणि काय ती खिडकी! प्रत्येक ओळीत तीन चित्रं, अशा पाच ओळी. अण्णांनी दुर्बीण लावली आणि पाटीवरचा धडा वाचावा तसं वरच्या ओळीपासून, डावीकडून उजवीकडे वाचायला लागले.

"हं. आकाशातून तारे पडले. माणसं मेली. सगळीकडे आग."

सुजाताने माझा हात घट्ट धरला. अण्णा पुढची ओळ वाचायला लागले.

"आता नुसती जमीन आणि आभाळ. मग माणसं प्रार्थना करताहेत. मग हाडं वर आली. मग भूकंप, घरं कोसळतायत, माणसं बिळात लपली. मग मासे पाण्याबाहेर, समुद्र पेटला, झाडं पेटली. मग पाणी चढलं, पाणी उतरलं आणि, अरे वा! समुद्र होता तसा झाला! आणि खाली बघ, माणसं हात जोडून निवांत बसलीत!"

"म्हणजे सगळा ठीक झाला?" सुजाताने विचारलं.

"झालाच की! आग लागली, विझली. आपलं काही गेलं नाही."

तिचा चेहरा असा उजळला की मला रडूच आलं. तेवढ्यात चर्चची देखभाल करणाऱ्या एक पांढऱ्या केसांच्या बाई जवळ आल्या. मी त्यांना उत्साहाने आमचं वाचन सांगितलं. त्या हळूच माझ्या कानाशी म्हणाल्या, "पण ही खिडकी खालून वर वाचतात. पाणी चढतं तो पहिला दिवस. आग शेवटी."

मी डोळ्यांनीच विनवलं, नका सांगू. बाई नुसत्या हसल्या. मी पोस्टकार्डं घ्यायला टेबलाकडे गेले, तेव्हा त्या सुजाताला दुर्बीण नीट कशी धरायची ते दाखवत होत्या. पुढे पुलावर सुजाता बराच वेळ नदीचं पाणी न्याहाळत राहिली. अण्णा मात्र दिवसभर शीळ घालत होते.

घरी आल्यावर ती रोज शाळेनंतर अण्णांना ओढून कॅशियोबरी पार्कमधल्या कॅनॉलवर न्यायला लागली. बदकांचा लळा लागला असेल, असं मला वाटलं. काही दिवसांनी तिने आपणहून खुरपं मागितलं आणि कुंपणाशी कंद लावले. बीन्सचे डबे एकेक करून जेवणात आले. एक जानेवारीला सकाळी ती नाइट ड्रेसवरच बागेत धावली, आणि मातीतून हिरवी टोकं वर आलेली बघून सगळ्यांना हाका मारत सुटली. मार्चमध्ये तिथे पिवळाधमक वाफा होता.

अण्णा आता नाहीत. त्यांच्या त्या उलट्या वाचनाचं गुपित मी कित्येक वर्षं जपून ठेवलं होतं. सुजाता मँचेस्टरला असते. हे लिहायच्या आधी विचारावं म्हणून परवा तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती खो-खो हसली.

"मम्मा, त्या लेडीने मला तेव्हाच सांगितला होता, खालून सुरू होतो म्हणून. तू कार्ड घेत होतीस ना, तेव्हा."

"अगं, मग तू बोलली का नाहीस?"

"अण्णा किती हॅपी होते! कसा सांगणार?"

"आणि तुला भीती नाही वाटली?"

"उलट! पहिल्या दिवशी पाणी वर येतो. म्हणजे फिफ्टीन डेज नोटीस मिळते ना आपल्याला! मी रोज कॅनॉल चेक करायची. पाणी होता तिथेच होता. म्हणून तर डॅफोडिल्सचे बल्ब्स लावले."